प्रत्येक संघास एक मूल बंधनकारक

हरेश भोईरचा आवाज कर्जत-खालापुरात कुठंही ओळखू यायचा, पण त्या दिवशी सरकारी कचेरीत तो आवाज काही केल्या वर येईना.

हरेश आठवडाभर टेंपो चालवायचा. भात कापून खाचरं मोकळी झाली की गावोगाव टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो माईकवर बसायचा. नेरळपासून चौकपर्यंत कुठंही स्पर्धा असो, समालोचनाला हरेशच लागायचा. साधी एक धाव असली तरी तो ती अशी सांगायचा की बांधावर बसलेली माणसं उभी राहायची. पण आरोग्य खात्याच्या साहेबांसमोरच्या खुर्चीत बसल्यावर त्याला पाणी मागून घ्यावं लागलं.

"माझी मुलगी आठ वर्षांची आहे," तो म्हणाला. "हर्षला. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. बोलते, तिला सगळं कळतं. पण पाय आखडतात. टाच जमिनीला टेकत नाही."

"योजनेचं कार्ड आहे ना?"

"आहे. पण ते ऑपरेशनला चालतं. डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून दोनदा नीट व्यायाम करून घेतला तर ऑपरेशन लागणारच नाही. त्या व्यायामाला कार्ड चालत नाही."

"बरोबर आहे. नियम तसाच आहे."

"म्हणजे पाय पुरता आखडू द्यायचा आणि मग सरकारनं मदत करायची?"

साहेब चिडले नाहीत. दोन्ही तालुक्यांचं काम बघून त्यांचा चेहरा उतरलेला होता. "भोईर, मी स्वतः दोनदा वर लिहिलंय. फिजिओथेरपीवाला डॉक्टर कर्जतला आठवड्यातून दोन दिवस बसवा आणि मुलांना तो कार्डावर मिळू द्या, म्हणून. वरून एकच प्रश्न येतो, मुलं किती? आमच्या रजिस्टरात दोन्ही तालुके मिळून अडतीस आहेत. अडतीस मुलांसाठी माणूस कोण देणार?"

"अडतीसच? आमच्या आसपासच्या पाच गावांत मी डझनभर बघितलीत."

"मग ती रजिस्टरात का नाहीत? लोक नावच देत नाहीत. मोठ्या बहिणीचं लग्न अडेल म्हणतात." साहेबांनी कॅलेंडरकडे बघितलं. "बावीस दिवसांनी अलिबागला जिल्ह्याची बैठक आहे. शंभर नावं आणा. आधारची झेरॉक्स आणि पालकाची सही प्रत्येकाला पाहिजे. मग मी तिथं तोंड उघडतो."

हरेश उठला. दारात जाऊन परत वळला. "त्या अडतिसात एक माझी आहे," असं तो सांगून गेला. कशासाठी सांगितलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आपल्या घरात हे सगळं वेळेवर झालेलं आहे, एवढं साहेबांना कळावं असं त्याला वाटलं असावं.

ते सगळं छाया बघायची. छाया त्याची बायको. पाच वर्षं ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी हर्षलाला कडेवर घेऊन बदलापूरला व्यायामाला न्यायची. मूल वाढत गेलं, जड झालं, तरी न्यायची. चौदा महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. त्यानंतर हरेशनं महिनाभर ते जमवून बघितलं, पण टेंपो बंद ठेवला की घर बंद पडत होतं. त्याच्या आईचे, मोतीबाईचे, गुडघे तिला ओटीवरून खाली उतरू देत नव्हते. आता रोज संध्याकाळी मोतीबाई हर्षलाच्या पायांना तेल लावायची, तेवढंच. छाया असताना हर्षलाची टाच आणि जमीन यांच्यात एक बोट जायचं. आता तीन बोटं जात होती.

शंभर नावं. टेंपो चालवताना त्याच्या डोक्यात दुसरं काही येईना.

दुसऱ्या दिवशी तो गजाकडे गेला. हरेशचं गाव भिवपुरीच्या अलीकडचं, आणि गावची स्पर्धा गजा भरवायचा. यंदा चाळीस गावांचे संघ, शुक्रवार ते रविवार तीन दिवस, चार-चार षटकांचे सामने. गजा पंपाच्या शेडमध्ये बसून आधार कार्डांचे गठ्ठे लावत होता. गावाच्या संघात गावचाच माणूस पाहिजे, बाहेरचा भारी गोलंदाज आणून खेळवायचा नाही, म्हणून प्रत्येक खेळाडूची झेरॉक्स तो स्वतः तपासायचा. ह्या कामात गजाचा डोळा तलाठ्यापेक्षा तिखट होता. एका वर्षी त्यानं जुळ्या भावांची अदलाबदल पकडली होती.

हरेशनं त्याला साहेबांचं सगळं बोलणं सांगितलं.

"फिजिओ म्हंजे मॅचमधी पिशवी घेऊन पळत येतो तो?" गजानं विचारलं.

"तोच."

"मंग त्याचं नाव आपल्या मैदानातच निघायला पाहिजे. पण लोकं मुलांची नावं देतील का रं? घरातलं मूल अंगणात आणत नाय, तुला आधार देतील?"

"मला नाय देणार. तुला देतील. चाळीस गावं तुला आधार देतातच. फॉर्मवर फक्त एक ओळ वाढव. गावातल्या दिव्यांग मुलांची नावं, अठरा वर्षांपर्यंत. कप्तानानं घरोघरी विचारायचं, झेरॉक्स आणि सही आणायची. बस."

गजानं मान डोलावली आणि फोन काढला. हरेशनं दिलेली चार वाक्यं त्याला लांब वाटली. कप्तान लोक लांब मेसेज वाचत नाहीत, हे त्याला पंधरा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. म्हणून त्यानं सगळ्यांच्या ग्रुपवर एका ओळीत टाकलं: यावर्षी प्रत्येक संघास एक दिव्यांग मूल बंधनकारक, आधारसह, नाहीतर एन्ट्री रद्द.

क्रिकेटवाल्यांनी तो मेसेज क्रिकेटवाल्यांसारखाच वाचला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला हरेश मचाणावर चढून माईक तपासत होता. कोंडाण्याचा टेंपो बांधापाशी येऊन थांबला. त्यातून अकरा खेळाडू उतरले आणि शेवटी दोघांनी मिळून एक प्लास्टिकची खुर्ची उतरवली. खुर्चीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या अंगात संघाचाच हिरवा टी-शर्ट होता, पार गुडघ्यापर्यंत आलेला. पाठीवर छापलं होतं, रुचिता, आणि खाली बारा.

"गजाभाव, आमचं मूल," कोंडाण्याचा कप्तान म्हणाला. "हे आधार. ही तिच्या आईची सही. आता एन्ट्री कर."

गजा मुलीकडे बघत राहिला. "अरे, नाव पाठवायचं व्हतं. मूल आणायला कोणी सांगितलं?"

"बंधनकारक लिवलंस ना तू? आयकॉन खेळाडू मैदानात नको का?"

गजानं मचाणाकडे बघितलं. हरेशनं वरूनच हात हलवला, घे, घे.

त्यांच्यामागून दुसरा टेंपो आला. मग मोटारसायकलवर मधे बसवलेला एक मुलगा. मग पळसदरीकडून एक रिक्षा. कुणी खांद्यावर आणलं होतं, कुणी हातगाडीवर गादी टाकून आणलं होतं. प्रत्येकाच्या अंगात टी-शर्ट, प्रत्येकाच्या पाठीवर बारा. एका कप्तानानं सांगितलं की गावात असं मूल आहे हे त्याला बत्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. एन्ट्री रद्द होईल म्हणून तो घरोघर फिरला, तेव्हा त्याच्याच आळीत, तिसऱ्या घरात सापडलं. "बाहेरचा बॉलर शोधाया एवढं फिरलो नव्हतो," तो म्हणाला.

मुलांच्या आया आधी बांधाच्या पलीकडे उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. कुणी हसलं तर लगेच मूल उचलून निघायचं, अशा तयारीनं.

हरेशनं माईक तोंडाशी घेतला.

"आणि मंडळी, मैदानात उतरतोय कोंडाण्याचा संघ. सलामीला दोन तगडे फलंदाज आहेत, पण त्यांच्याकडं नंतर बघू. आधी बघा बारा नंबरकडं. रुचिता. वय अकरा. आयुष्यातली पहिली स्पर्धा, आणि चेहऱ्यावर दडपण आहे का? अजिबात नाही. उलट कप्तानच घामाघूम झालाय."

माणसं हसली. रुचितासुद्धा हसली, सगळ्यांच्या मागून आणि सगळ्यांपेक्षा जोरात. बांधापलीकडची तिची आई दोन पावलं अलीकडे आली.

झेरॉक्सच्या टेबलावर सुप्रिया बसली होती. ती खालापूरची, नुकतीच फिजिओ होऊन आलेली. साहेबांनीच तिला स्पर्धेच्या तीन दिवसांसाठी मदतीला पाठवलं होतं. ती प्रत्येक मुलाचे हातपाय बघायची, आईला दोन गोष्टी विचारायची, कागद तपासायची आणि नाव यादीत घालायची. धावफलकाच्या शेजारी गजानं दुसरा फळा टांगला होता. त्यावर सकाळी अडतीस लिहिलेलं होतं, रजिस्टरातली. दुपारी तिथं साठ झाले. संध्याकाळी एकाहत्तर.

सामन्यांच्या मधल्या वेळात हरेश बोलत राहिला. आता त्याचा आवाज खणखणीत निघत होता. "टीव्हीवर बघितलंय ना तुम्ही? खेळाडूचा पाय मुरगळला की फिजिओ पळत येतो. पाय मोडेपर्यंत वाट बघत बसतो का तो? मग आपल्या ह्या बारा नंबरवाल्यांनी का वाट बघायची? कार्ड ऑपरेशनला चालतं. ऑपरेशन होऊ नये म्हणून जे करायचं, त्याला चालत नाही. आपण कुणाकडं भीक मागत नाही. फिजिओ मागतोय. तोसुद्धा आपल्याच मैदानात."

शनिवारी दुपारी फळ्यावर शंभर लागले तेव्हा चालू सामना थांबला. फलंदाजानं बॅट काखेत धरून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आकडा एकशेचार होता आणि हरेश मचाणावरून उतरला तो जवळजवळ उडी मारूनच. घरी येऊन त्यानं हर्षलाला सगळं सांगितलं. तिला काही नवीन नव्हतं. घर मैदानापासून तीन खाचरं पलीकडे होतं आणि ती ओटीवर बसून माईकवरचं शब्द न् शब्द ऐकायची. बोलताना तिची जीभ जड पडायची, पण समालोचनाचे शब्द मात्र तिच्या तोंडी बसलेले.

"बाबा, आज चौ-चौकार जास्त झाले," ती म्हणाली.

"मैदान बारीक हाय गं."

रविवारी सकाळी गजा तोंड पाडून मचाणाखाली उभा होता.

"तेरा मुलं दोनदा लागलीत," तो म्हणाला. "मी आधार नंबर जुळवून बघितले. काय सवय रं ही लोकांची. ज्याला आपल्या गावात मूल मिळालं नाय, त्यानं शेजारच्या गावातनं आणलं. भाड्याचा बॉलर आणतात तसं. काही तर रजिस्टरातलीच हायेत."

त्यातला एक साईराज समोरच बसला होता. पंधरा वर्षांचा, तीन चाकांच्या सायकलवर, अंगात लाल टी-शर्ट. शुक्रवारी तो निळ्यात होता.

"दोन संघांकडून कसा काय रं तू?" हरेशनं विचारलं.

"पहिली टीम पहिल्याच राउंडला हरली ना काका. ही मामाच्या गावची हाय. सेमीला गेलीय."

"मंग आता किती?" हरेशनं गजाला विचारलं.

"एक्याण्णव. पण ऐक. अलिबागला कोण नंबर जुळवत बसणार हाय? ऱ्हाऊ दे एकशेचार."

हरेशलाही क्षणभर वाटलं, राहू दे. तीन बोटं त्याच्या डोळ्यांसमोर होती. मग तो म्हणाला, "तूच पंधरा वर्षं सांगतोस ना, एक खोटा खेळाडू सापडला की अख्खा संघ बाद? तिथं एखादा तुझ्यासारखा बसला असला तर?"

गजानं फळा पुसला आणि मोठ्या आकड्यांत एक्याण्णव लिहिलं.

हरेशनं माईकवरून जसं होतं तसं सांगितलं. कुठल्या गावानं काय केलं ते नाही सांगितलं. एवढंच म्हणाला की तेरा नावं दुबार होती, ती काढली, आता नऊ कमी आहेत. संध्याकाळी यादी बंद होईल. "तुमच्यातली काही माणसं तीन दिवस इथं येऊन बसताहेत. सामने बघताहेत. ज्याच्यासाठी हे चाललंय ते मूल मात्र घरी ठेवून आलीत. मी नाव घेत नाही. मला माहीतही नाही. टेबल तिथं आहे."

पहिला तास कुणीच हललं नाही. उपांत्य सामने झाले. अंतिम सामना सुरू झाला आणि पहिल्याच षटकात दोन षटकार गेले. माणसं आरडाओरडा करत होती, तेवढ्यात गर्दीतून नागू उठला. डोंगरातल्या वाडीवरचा म्हातारा, दर स्पर्धेला यायचा, मचाणाखालीच बसायचा. तो सुप्रियाच्या टेबलापाशी जाऊन म्हणाला, "नात हाय. ऐकू येत नाय तिला. ते चालंल का?" सुप्रिया म्हणाली, चालेल. गजानं फळ्यावर ब्याण्णव लिहिलं आणि हरेशनं चालू चेंडू सोडून ते सांगितलं.

मग एक बाई उठली. मग दोन भाऊ एकमेकांना कोपरानं ढकलत आले. एका माणसानं टेबलापाशी येऊन फोन लावला, "आई, त्याचं आधार फोटो काढून पाठव. विचारू नको कशाला, पाठव." इकडे धावा वाढत होत्या आणि तिकडे नावं. हरेशला कुठं बघावं कळेना. "चेंडू हवेत, सीमारेषेवर क्षेत्ररक्षक, झेल, सुटला, आणि त्र्याण्णव. नाही, चौऱ्याण्णव. एक धाव आणि चौऱ्याण्णव." लोक आता दोन्ही फळ्यांकडे बघून ओरडत होते. दुसरा डाव सुरू झाला तेव्हा अठ्ठ्याण्णव होते. शेवटच्या षटकाला सहा चेंडू आणि चौदा धावा उरल्या, तेव्हा गजानं खडू उचलला आणि एकशेदोन लिहिलं.

पंचांनी स्वतःच सामना थांबवला. गजा सुप्रियाची यादी घेऊन मचाणावर चढला. "वाच," तो म्हणाला. "गाववार वाच. कप देतो तशी."

हरेश वाचत गेला. गावाचं नाव, मग मुलाचं नाव. ज्याचं नाव यायचं त्याच्या गावची माणसं ओरडायची. कोंडाणे, रुचिता. लाल संघाचा साईराज, ह्या वेळी एकदाच. नागूची नात. शेवटी यजमान गाव राहिलं, पद्धतीप्रमाणे.

"आणि यजमान गावातून," तो म्हणाला आणि तीन नावं वाचली. चौथं वाचायला त्यानं पान उलटलं. मागं काही नव्हतं.

त्यानं परत वरून बोट फिरवलं. तीनच. माईक चालूच होता. मैदानावर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"सुप्रियाताई," तो माईक खाली धरून म्हणाला, "रजिस्टरातली अडतीस सगळी आलीत ना ह्यात?"

"सगळी. मी टिक करून घेतलीत."

"हर्षला हरेश भोईर?"

तिनं तिच्याकडचा कागद दोनदा बघितला. "नाही. हे नाव रजिस्टरात नाही."

हरेशनं माईक गजाच्या हातात दिला आणि मचाणावरून उतरला. खाचरं ओलांडताना त्याला मागून गजाचा आवाज येत होता. गजाला समालोचन येत नव्हतं. "बॉल टाकला. मारला. एक पळाले. आता दुसरा बॉल टाकतोय. टाकला."

ओटीवर मोतीबाई हर्षलाला मांडीशी घेऊन बसली होती.

"आवाज गेला का रं तुझा? पोर कवाची विचारते."

"छायाची कागदांची पिशवी कुठं हाय?"

मोतीबाईनं आत खुंटीकडे बोट दाखवलं. चौदा महिने ती पिशवी कुणी उघडली नव्हती. वर बदलापूरच्या व्यायामाच्या चिठ्ठ्या होत्या, तारखेनं लावलेल्या. त्यांच्याखाली प्लास्टिकच्या पाकिटात रजिस्टरात नाव घालायचा अर्ज होता, छायाच्या अक्षरातला, एकही खाडाखोड नसलेला. हर्षलाचा फोटो चिकटवलेला. आधारची झेरॉक्स, जन्माचा दाखला, सगळं पिनांनी जोडलेलं. तळाशी लिहिलं होतं, वडिलांची सही. त्याच्यापुढं जागा मोकळी होती.

"दोनदा तुझ्यापुढं ठेवला व्हता तिनं," मोतीबाई दारातून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "येकदा तू खोपोलीच्या मॅचला निघाला व्हतास. येकदा चौकला."

हरेशला आठवलं. खोपोलीचं नाही आठवलं, पण चौकचं आठवलं. रविवार होता. त्याच्या पिशवीशेजारी तिनं कागद आणि पेन ठेवला होता आणि तो पायात चप्पल घालता घालता म्हणाला होता, आल्यावर करतो. तिनं कागद उचलून परत आत नेला. त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

तो खुंटीखाली उभा राहिला. बाहेरून गजा सांगत होता, "परत मारला. गेला, गेला. चार. आता तीन बॉल आनि आठ पाहिजेत."

"बाबा," हर्षला ओटीवरून म्हणाली, "गजाकाका वा-वाईट बोलतो. तू जा."

हरेशनं तिथंच भिंतीला कागद लावून सही केली. मग हर्षलाला उचललं. "तू बी चल."

"मी काय हितं एकटी बसू?" मोतीबाईनं काठी घेतली. गुडघ्यांचं तिनं त्या दिवशी काढलं नाही. तीन खाचरं ती त्याच्या मागून चालत आली, प्रत्येक बांधावर एक शिवी घालत.

ते मैदानाच्या कडेला पोचले तेव्हा शेवटचा चेंडू उरला होता आणि चार धावा हव्या होत्या. गजानं वरून त्यांना बघितलं. चेंडू पडला, बॅट फिरली, आणि गजा माईकवर म्हणाला, "मारला, वर गेला, त्याच्या खाली माणूस हाय, आनि आता काय झालं ते मला ठाव नाय, मी हरेशकडं बघत व्हतो." अर्धं मैदान तिकडे बघत होतं, अर्धं इकडे. झेल सुटून चौकार गेला आणि कप कुणाचा हे कळायला लोकांना एकमेकांना विचारावं लागलं.

सुप्रियानं अर्ज घेतला, सगळे कागद बघितले आणि यादीत लिहिलं. "इतका नीट भरलेला अर्ज तीन दिवसांत आला नाही," ती म्हणाली.

"माझ्या बायकोनं भरलाय," हरेश म्हणाला.

गजानं फळ्यावर एकशेतीन केलं. टी-शर्ट शिल्लक नव्हता, म्हणून त्यानं स्वतःची आयोजक लिहिलेली टोपी हर्षलाच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या नाकापर्यंत आली.

अलिबागच्या बैठकीत साहेबांनी शब्दाप्रमाणे तोंड उघडलं आणि मग हरेशला दोन मिनिटं दिली. तिथं माईक नव्हता. एकशेतीन अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवून त्यानं त्याच्या शेजारी आपला तळहात पावलासारखा टेकवला, आणि मनगट उचलून त्याखाली आधी दुसऱ्या हाताचं एक बोट सरकवलं, मग तीन. चौदा महिन्यांत एवढं, असं सांगितलं. ह्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाचं असं काहीतरी आहे. कुणाचं बोटांत मोजता येतं, कुणाचं नाही. सगळे नंबर जुळवून बघा, एकही खोटा नाही. बैठकीतल्या एका अधिकाऱ्यानं खरंच पाच-सहा जुळवून बघितले. हरेशनं मनात गजाचे आभार मानले.

पत्र आलं ते सहा महिन्यांसाठी. मंगळवार आणि शुक्रवार, कर्जतला, कार्डावर. सहा महिन्यांनी किती मुलं खरंच आली ते बघून पुढचं ठरेल.

"म्हंजे साखळी फेरी पार," गजा म्हणाला. "बाद फेरी अजून हाय." त्यानं लगेच कप्तानांच्या ग्रुपवर कुठल्या गावानं कुठल्या वारी मुलं आणायची त्याचं वेळापत्रक टाकलं. ह्या वेळी मेसेज लांब होता.

पहिल्या मंगळवारी रुग्णालयाच्या त्या खोलीबाहेर अकरा मुलं होती आणि त्यांच्यातल्या आठांनी टी-शर्ट घातले होते. नेमणूक सुप्रियाचीच झाली होती. हर्षलाचा नंबर तिसरा लागला. सुप्रियानं तिला बाकावर बसवून पाय खाली सोडले, गुडघा एका हातानं धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा पावलावर ठेवून हळूहळू दाबायला लागली. हर्षलानं ओठ आवळले.

"दुखतंय का?" हरेशनं विचारलं.

"बोल ना बाबा," ती म्हणाली. "गप नको बसू."

हरेश फरशीवर बसला, टाचेच्या पातळीला डोळे आणून. मग दबक्या आवाजात सुरू झाला. "मंडळी, कर्जतच्या मैदानावर डाव पुन्हा सुरू झालाय. हर्षला भोईर खेळपट्टीवर. समोर सुप्रिया, अत्यंत अचूक मारा. टाच तीन बोटांवर आहे. तीन बोटांवर, आणि हलली. हो, हलली. अडीच. मुरलेली टाच आहे, घाई करत नाही. श्वास घेतला. अडीच, दोन. प्रेक्षकांत मोतीबाई उभ्या राहिल्यात, गुडघे असून."

बाहेरची मुलं दाराशी गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, ढकलू नका रं.

"दोन बोटं. दीड. फरशीवर सावली पडली टाचेची. आता एक बोट, छायाचं एक बोट, तिथं आलो आपण, तिथं आलो, आणि सुप्रिया अजून थांबत नाही."

"टेकली," सुप्रिया म्हणाली.

"कुठं टेकली?" मोतीबाई वाकून म्हणाली. "कागद जाईल खालनं."

हरेशनं मान तिरकी करून बघितलं. त्यालाही नक्की सांगता येईना.

हर्षलानं दोन्ही हात वर केले, आणि वाकड्या बोटांनी हवेत एक चौकोन काढला, टीव्हीवर पंच काढतो तसा.

"थर्ड अं-अंपायरकडं द्या," ती म्हणाली.